सांगून दिलेला खडा

यंदा दिवाळीच्या सुट्टीत भोपाळला जाऊन आले. बेळगावला गोवा एक्स्प्रेसमध्ये बसलं की मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी करत गाडी न बदलता भोपाळ. माझी धाकटी बहीण तिथं अरेरा कॉलनीत राहते. लग्न होऊन गेली त्याला तेवीस वर्षं झाली, पण अजून मला 'अक्का'च म्हणते. तिच्या शेजारणी विचारतात, हे अक्का काय आहे? ती सांगते, आमच्या भागात मराठी घरातही अक्का आणि कन्नड घरातही अक्का. त्यांना ते काही उलगडत नाही, पण ऐकायला गोड वाटतं म्हणे.

कॉलनी मोठी आहे. ई-१ पासून ई-८ पर्यंत तिचे विभाग. जुने बंगले, त्यांच्यापुढं डेरेदार झाडं. संध्याकाळी दहा नंबर मार्केटला फेरी मारायची, भाजीला बिट्टन मार्केटला जायचं, जवळच शाहपुरा तलाव. आपल्या बेळगावात शहापूर आणि तिथं शाहपुरा! जमिनीचंही नातं आहे. आपण दख्खनच्या काळ्या कातळाच्या दक्षिण टोकाला राहतो, तर भोपाळ त्याच कातळाच्या उत्तरेकडच्या कडेला, विंध्याच्या वालुकाश्माला लागून. म्हणजे दोघी बहिणी एकाच दगडाच्या दोन कडांवर नांदतो आहोत, असं मी गमतीनं म्हणत असे. या खेपेला मात्र दगडाचा विषय गमतीचा राहिला नाही.

जायच्या आधी पंधरा दिवस बहिणीचा फोन आला होता. आवाज रडवेला. "अक्का, तू येच आणि हिला समजाव." ही म्हणजे माझी भाची. बी.कॉम. झाली, जयपूरला जाऊन रत्नपरीक्षेचा अभ्यासक्रम करून आली, आणि आता म्हणते की मी रंगीत खड्यांचा व्यापार करणार. त्यातही ओपल. वडिलांनी फंडातून काढून दीड लाख रुपये दिले. आईचं म्हणणं, बँकेच्या परीक्षा दे, कायमची नोकरी धर. "दगड विकून कुणाचं पोट भरतं का गं, अक्का?" या प्रश्नाला फोनवर काय उत्तर देणार? येते म्हटलं.

मी पोचले त्याच दिवशी सकाळी प्रकरण पेटलं होतं. समोरच्या बंगल्यातल्या काकू मूळच्या इंदूरच्या, मराठीच. त्यांना कुणा ज्योतिष्यानं शुक्रासाठी ओपल घालायला सांगितलं होतं. हिरा परवडत नाही म्हणून त्याच्या जागी ओपल, असा अलीकडं आपल्याकडं रिवाज पडला आहे. काकूंनी बाजारात जाण्याऐवजी घरच्या मुलीकडून घ्यावा म्हणून भाचीकडून चांदीत बसवलेली अंगठी घेतली, साडेसहा हजारांना. त्यांनी चकल्यांचं पीठ मळलं, भांडी विसळली, आणि दुपारी बघतात तो मोरपिसासारखा झगमगणारा खडा साध्या काचेसारखा आरपार दिसतोय! रंगाचा मागमूस नाही. काकू अंगठी घेऊन दारात उभ्या. आवाज चढवला नाही, पण एवढंच म्हणाल्या, "मुली, घरची म्हणून घेतली गं. काच दिलीस मला?"

बहिणीचं तोंड उतरलं. भाची मात्र शांतपणे म्हणाली, "काकू, काच नाही ती. पाणी प्यायलंय. तीन-चार दिवस कापसावर ठेवा, रंग परत येईल." काकू म्हणाल्या, "दगड कधी पाणी पितो का?" आणि अंगठी टेबलावर ठेवून निघून गेल्या.

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं नव्हतं. रात्री जेवणं झाल्यावर भाचीनं मला तिच्या खोलीत नेलं. एक टेबल, पांढरा दिवा, छोटा काटा, दहापट मोठं दाखवणारं भिंग आणि पुड्यांचा एक डबा. पुड्या उलगडत तिनं जे सांगितलं ते मी इथं माझ्या शब्दांत लिहिते, कारण आपल्यापैकी कितीतरी घरांत खडे घेतले जातात, पण खड्याविषयी कुणी काही सांगत नाही.

ओपल म्हणजे वाळूचंच भावंड. सिलिका आणि तिच्यात मुरलेलं पाणी, साधारण तीन ते दहा टक्के. त्यात सिलिकेचे अतिसूक्ष्म गोळे असतात, मिलिमीटरच्या काही दशसहस्रांश भागाएवढे. हे गोळे सगळे एका मापाचे असले आणि ओळीनं रचले गेले, तर त्यांच्यामधून जाणारा प्रकाश फुटतो आणि लाल, हिरवा, निळा असे रंग उजळतात. गोळे वेडेवाकडे पडले तर तोच दगड दुधट आणि बिनरंगी राहतो. ही गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून १९६४ मध्ये उलगडली. म्हणजे हा रंग खड्यात कुणी भरलेला नसतो, तो रचनेतून येतो.

या दगडाचं नावही आपल्याच घरातलं असावं. लॅटिन 'ओपालुस' आणि ग्रीक 'ओपालिओस' हे शब्द संस्कृत 'उपल' या शब्दावरून गेले असावेत, असं भाषेचे अभ्यासक मानतात. उपल म्हणजे दगड. रोमन लेखक प्लिनी तर ओपल हिंदुस्थानातून येतात असंच लिहून गेला. प्रत्यक्षात रोमनांचे ओपल आजच्या स्लोव्हाकियातल्या डोंगरातले असावेत, असं आता समजतात. व्यापारी मालाचं मूळ गाव लपवतात, ही खोड दोन हजार वर्षांची आहे, असं भाची हसत म्हणाली.

पुढं १९१५ च्या फेब्रुवारीत ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात सोनं शोधणाऱ्या टोळीतल्या चौदा वर्षांच्या मुलाला ओपल सापडला आणि कूबर पेडी हे गाव वसलं. उन्हाच्या तडाख्यामुळं तिथले कितीतरी लोक आजही जमिनीखाली कोरलेल्या घरांत राहतात. शंभर वर्षं ओपल म्हणजे ऑस्ट्रेलिया असंच समीकरण होतं. १९९३ मध्ये त्या देशानं त्याला राष्ट्रीय रत्नाचा मान दिला. मग २००८ मध्ये इथिओपियाच्या वोलो प्रांतात, वेगेल तेना गावाजवळच्या उंच कड्यांमध्ये ओपलचा थर सापडला. तिथली माणसं कड्याला भुयारं पाडून हातानं खणतात. तो माल जगात आला, ऑस्ट्रेलियापेक्षा पुष्कळ स्वस्त, आणि त्याला पैलू पाडण्याचं, घासून घुमटासारखा आकार देण्याचं काम मोठ्या प्रमाणावर आलं ते आपल्या जयपूरला.

या इथिओपियन ओपलची एक खोड आहे. त्यातले बहुतेक खडे सच्छिद्र असतात. पाण्यात पडले की पाणी ओढून घेतात, आरपार दिसायला लागतात आणि रंग हरवतात. वाळले की पूर्ववत. काकूंच्या बोटावर तेच झालं होतं. तेल, साबण, हळद मुरली तर मात्र पिवळटपणा कायमचा राहू शकतो, आणि घाईनं उन्हात किंवा शेगडीजवळ वाळवला तर तडा जाऊ शकतो.

"मग हे काकूंना विकताना सांगितलं होतंस का?" मी विचारलं.

भाची गप्प झाली. मग म्हणाली, "नाही मावशी. पहिलीच मोठी विक्री होती. सांगितलं तर घेणार नाहीत, असं वाटलं."

वाचकहो, खड्यांच्या धंद्यातली मुख्य अडचण कोणती, तर हीच. बाकीच्याही अडचणी कमी नाहीत. त्या रात्री आणि पुढच्या तीन-चार रात्री त्या मुलीनं मला एकेक सांगितल्या.

हिऱ्याला वजन, रंग, स्वच्छता, घाट अशी चार मापं आहेत, आणि १९७८ पासून जगभर एक भावपत्रक बघितलं जातं. रंगीत खड्याला असं सर्वमान्य पत्रक नाही. एकाच वजनाचे दोन ओपल शेजारी ठेवले तर एकाची किंमत दुसऱ्याच्या दसपट असू शकते, आणि का, ते डोळ्यालाच कळतं. डोळा तयार व्हायला वर्षं लागतात. माल 'लॉट'नं घ्यावा लागतो. त्यातले काही खडे उत्तम, काही बरे, आणि काही कपाटात बसल्या बसल्या तडकतात. तो तोटा आपला. माल 'जांगड' म्हणून, म्हणजे पसंत पडला तर पैसे नाहीतर परत या बोलीवर, दुकानदाराकडं महिनोन्महिने पडून राहतो आणि भांडवल अडकतं. भोपाळमध्ये या मालाचा बाजार नाही. प्रत्येक वेळी रात्रीच्या गाडीनं जयपूर. तिथल्या जोहरी बाजारात जुन्या पद्धतीचे सौदे रुमालाखाली बोटं दाबून व्हायचे, हे तिनं मोठ्या नवलानं सांगितलं. मला नवल वाटलं नाही. आपल्याकडच्या बैलबाजारात आपल्या आजोबांनी दुसरं काय केलं? रुमालाखाली भाव ठरतो तो तिसऱ्याला कळू नये म्हणून. पण तिथं घेणारा आणि देणारा दोघंही बैलाचे दात मोजू शकत होते. खड्याचे दात घेणाऱ्याला मोजता येत नाहीत, हा फरक.

आणि दात घासून बैल तरुण दाखवावा, तसे प्रकार इथंही आहेत. फिका इथिओपियन ओपल धुरानं काळा करून महागड्या काळ्या ओपलसारखा दाखवतात. ओपलचा पातळ पापुद्रा काळ्या दगडावर चिकटवतात, वर पारदर्शक टोपी बसवली की तिहेरी खडा तयार. कारखान्यात बनवलेला ओपल १९७० च्या दशकापासून बाजारात आहे. माणकातल्या भेगांमध्ये शिशाची काच भरायची युक्ती २००४ च्या सुमाराला बाजारात आली. असा खडा लिंबाच्या रसानंसुद्धा खराब होतो. पाचूच्या भेगांत तेल भरणं तर फार जुनं. हे सगळंच फसवणूक म्हणता येत नाही. नीलम तापवून त्याचा रंग सुधारणं जगभर मान्य आहे. आपल्या खंबातचे कारागीर अकीक भाजून लाल करतात, ती विद्या तर हडप्पाच्या काळापासूनची. प्रश्न केलं काय हा नाही, सांगितलं का हा आहे.

सोन्याला निदान हॉलमार्क आहे. १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्यानं सक्तीचा होत गेला. पण तो शिक्का सोन्याच्या शुद्धतेचा, त्यात बसवलेल्या खड्याचा नव्हे, हे पुष्कळांना माहीत नसतं. खड्याची तपासणी वेगळी करावी लागते. जयपूरला रत्न आणि आभूषण निर्यात परिषदेची प्रयोगशाळा १९७२ पासून आहे, मुंबईतही जुनी संस्था आहे. पण दोन हजारांच्या खड्याला प्रयोगशाळेचा दाखला परवडत नाही. म्हणून छोट्या मालात सगळी भिस्त विकणाऱ्याच्या जिभेवर.

आणखी एक अडचण तिनं सांगितली, ती बाहेरची. अमेरिका हे आपल्या रत्नांचं मोठं गिऱ्हाईक. २७ ऑगस्ट २०२५ पासून तिनं बहुतेक भारतीय मालावर ५० टक्के आयातशुल्क लावलं, तेव्हा जयपूरच्या तिच्या ओळखीच्या एका कारखान्यात कारागिरांचे कामाचे दिवस निम्मे झाले होते. वॉशिंग्टनमध्ये कागदावर सही होते आणि जयपूरच्या गल्लीतली सहाण थांबते. कारागिरांची दुसरीही कथा आहे. खंबातला अकीक घासताना उडणाऱ्या धुळीनं कित्येकांना सिलिकोसिस झाला, फुप्फुसं दगडासारखी झाली. सहाणेवर पाणी सोडणं, धूळ ओढणारा पंखा आणि तोंडाला योग्य मास्क, एवढ्यानं धोका पुष्कळ कमी होतो. भाची ज्याच्याकडून खडे घासून घेते त्याच्याकडं पंखा आहे का, हे ती आधी बघून आली होती. हे ऐकून मला बरं वाटलं.

मग या धंद्यात संधी तरी काय? तीही आहे. कच्चा माल आफ्रिकेतून येतो, पण त्याला रूप देणारे हात आपल्याकडं आहेत. हिऱ्याला लागतं तेवढं भांडवल इथं लागत नाही. आणि दोन ओपल कधी सारखे नसतात. सगळ्यांकडं आहे ते नको, आपलं असं काही हवं, म्हणणारी तरुण गिऱ्हाइकं वाढताहेत, आणि ती सोन्याऐवजी चांदीतही आनंदानं घेतात. मी तिला हुपरीबद्दल सांगितलं. कोल्हापूरजवळच्या त्या गावात घरोघरी चांदीकाम चालतं. तिनं लगेच वहीत लिहून घेतलं. हुपरीची चांदी आणि जयपूरचा खडा भोपाळच्या एका खोलीत एकत्र येणं अगदीच अशक्य नाही.

इकडं काकूंची अंगठी खिडकीजवळ, उन्हापासून दूर, कापसावर ठेवलेली होती. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी कडेला धूसर पांढरी रेघ आली. बहीण येता-जाता बघायची आणि काही न बोलता जायची. चौथ्या दिवशी सकाळी चहा घेताना भाचीनं हाक मारली. खड्याच्या मध्यभागी हिरवी ठिणगी दिसत होती. संध्याकाळपर्यंत लाल, निळा, सगळे रंग परत आले.

बहिणीला वाटलं, सुटलो. ती म्हणाली, "जा, दाखव काकूंना. म्हणावं, बघा, काच नव्हती." भाची उठली, कपाटातून साडेसहा हजार रुपये काढले आणि अंगठीबरोबर घेतले. मीही बरोबर गेले. काकूंनी खडा बघितला, उजेडात फिरवला. चेहऱ्यावरून कळत होतं की त्यांना शरमल्यासारखं झालंय. भाची म्हणाली, "काकू, खडा खरा आहे. पण तो पाण्यात घालायचा नसतो, हे मी तुम्हाला सांगितलं नाही. ती माझी चूक. तुम्ही रोज हातानं स्वयंपाक करता, तुमच्यासाठी हा खडा नव्हताच. पैसे घ्या." काकूंनी थोडा वेळ विचार केला आणि पैसे घेतले. "चहा घेऊन जा," एवढंच म्हणाल्या. चहा झाला.

परत येताना बहीण म्हणाली, "एवढं खरं बोलून धंदा होतो का?" मला उत्तर देता आलं नाही. इतिहासात अशा गोष्टींची उत्तरं शोधायची माझी सवय. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजाच्या खजिन्यात येणारी रत्नं कशी पारखावीत यावर वेगळं प्रकरण आहे. म्हणजे राजालासुद्धा पारखून घ्यावं लागे. आपल्या विजयनगरच्या बाजारात माणकं, पाचू, मोती उघड्यावर विकायला मांडलेले असत, असं १४४३ मध्ये आलेल्या अब्दुर रझाकनं लिहून ठेवलं आहे. उघड्यावर माल मांडायचा तर राज्यावर विश्वास हवा आणि एकमेकांवरही हवा. पण हे सगळं बहिणीला सांगून काय उपयोग? तिला मुलीच्या पुढच्या महिन्याच्या मिळकतीची काळजी.

खरी परीक्षा निघायच्या आदल्या रात्री झाली. मी आईची अंगठी बरोबर नेली होती. आपल्याकडच्या जुन्या घाटाची, लाल खड्याची. कन्नडात आपण ज्याला केंपु म्हणतो, तो केंपिन उंगुर. ही अंगठी आईला तिच्या आईकडून आली होती. आई गेली तेव्हा ती माझ्याकडं राहिली, आणि बहिणीनं कधी बोलून दाखवलं नाही तरी तिच्या मनात सल होता, हे मला माहीत होतं. घरातलं एकच माणिक, आणि ते अक्काकडं. मी ठरवलं होतं, भाचीला द्यायची. रत्नांचं शिक्षण घेतलेली घरातली पहिली मुलगी. शोभेल तिच्या हातात.

भाचीनं सवयीनं भिंग डोळ्याला लावलं. खडा पांढऱ्या दिव्यापुढं फिरवला. पुन्हा फिरवला. मग भिंग खाली ठेवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मावशी, सांगू का नको?"

खोलीत आम्ही तिघीच. बहीण म्हणाली, "सांग. काकूंना सांगायचं राहिलं, निदान घरात तरी सांग."

खड्याच्या आत बारीक वक्र रेषा होत्या, ग्रामोफोनच्या तबकडीवर असतात तशा. मीही भिंगातून बघितल्या. निसर्गातल्या माणकात रेषा असल्या तर सरळ असतात. वक्र रेषा म्हणजे ज्वाळेत पूड वितळवून थेंबाथेंबानं वाढवलेलं माणिक. फ्रान्समधल्या व्हर्नोय नावाच्या रसायनशास्त्रज्ञानं १९०२ मध्ये ही पद्धत जाहीर केली. त्यानंतर काही वर्षांतच असे खडे जगभर ढिगानं गेले, आपल्याकडच्या सोनारांपर्यंतही आले. आजीची अंगठी त्याच्या नंतरची. "नक्की करायला प्रयोगशाळेत पाठवू," भाची म्हणाली, "पण मला शंका नाही. सोनं बावनकशी आहे. खड्याची किंमत फारशी काही नाही." घडवणाऱ्या सोनाराला तरी ते ठाऊक होतं का, कोण जाणे. त्यालाही कुणी सांगून दिलं नसेल.

मी बहिणीकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. म्हणाली, "अक्का, बारा वर्षं मी या दगडासाठी तुझ्यावर रुसून होते गं." मग मीही हसले. खरं तर मलाही रडूच येत होतं. अंगठी भाचीनं घेतली. पाण्यात घातली तरी तिला काही होत नाही, म्हणून ती रोज घालते.

आता घरोघरच्या गृहिणींसाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. पहिली, वजन. खडे विकणारे रत्तीत बोलतात, दाखल्यावर कॅरट असतो. एक कॅरट म्हणजे ०.२ ग्रॅम. आपली सोनाराची गुंज, कन्नडातली गुलगंजी, तोळ्याला ९६, म्हणजे सुमारे ०.१२ ग्रॅम. खड्यांच्या बाजारातली पक्की रत्ती मात्र साधारण ०.१८ ग्रॅमची. तेव्हा पाच रत्ती म्हटलं की कुठली रत्ती हे विचारावं आणि पावतीवर वजन कॅरटमध्येच लिहून घ्यावं. दुसरी, दागिना घेताना खड्याचं वजन सोन्यातून वजा केलंय ना, हे बघावं. तिसरी, खडा नैसर्गिक की बनवलेला, तापवलाय, भरलाय, रंगवलाय की चिकटवलाय, हे स्पष्ट विचारावं आणि उत्तर पावतीवर घ्यावं. तोंडी उत्तर देणारा लेखी द्यायला कचरला, तर तेवढ्यात उत्तर मिळालंच. चौथी, ओपल, मोती, पोवळं हे नाजूक खडे. हवळ आणि मुत्तु घालून आपल्या आज्यांनी भांडी घासली असतील, पण त्यांना झीज होतेच. रोज काम करणाऱ्या हातात ओपल नको. कानात किंवा गळ्यात चालेल. आणि ज्योतिष्यानं सांगितलं म्हणून घेणाऱ्यांनीही ग्रहाइतकीच खड्याची चौकशी करावी. श्रद्धा ज्याची त्याची. पावती मात्र सगळ्यांनीच घ्यावी.

बहिणीनं मला ज्या कामासाठी बोलावलं होतं, ते मी केलं नाही. भाचीला धंदा सोड म्हणाले नाही. एवढंच सांगितलं की वडिलांच्या दीड लाखाचा हिशेब दर महिन्याला त्यांच्यापुढं ठेव, आणि पुढच्या अक्षय्य तृतीयेला बसून ठरव. तिनं बँकेचा अर्जही भरला आहे. दोन्ही दरवाजे उघडे आहेत.

निघताना तिनं मला एक छोटं कार्ड दाखवलं. आता प्रत्येक खड्याबरोबर ती ते देणार आहे. वजन, देश, काय प्रक्रिया केली, पाण्यात चालेल की नाही, कधी तडकू शकतो, आणि न आवडल्यास किती दिवसांत परत. हिंदीत होतं. "मावशी, मराठीत करून दे ना. आणि तुझ्याकडच्या लोकांसाठी कन्नडातही." गाडीत बसल्या बसल्या मराठी केलं. कन्नडाला घरी आल्यावर शेजारच्या वहिनींची मदत घेतली. 'हा खडा पाणी पितो' याला कन्नडात काय म्हणावं, यावर आम्ही दोघींनी अर्धा तास घातला. शेवटी वहिनी म्हणाल्या, "अहो, सरळच लिहा. 'ई हरळु नीरु कुडियुत्तदे.' वाचणाऱ्याला हसू येईल, पण लक्षात राहील."

तसंच लिहून पाठवलं आहे.